जीपला टो-हूक बसवताय? आधी चॅसीवर हातोडी मारून बघा

आमची जीप महिंद्राची एमएम 540, 1991 ची. बागेतून आंब्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत आणायला वडिलांनी घेतली होती. आता ती माझ्याकडे आहे आणि वर्षातून निदान दोनदा आमची सोळा फुटी फायबरची होडी ट्रेलरवर घालून, मागच्या टो-हुकाला (ओढायच्या आकड्याला) अडकवून ओढते. 1 जूनला मासेमारीबंदी लागते, त्याआधी होडी खाडीतून वर काढून मांगराशेजारी (बागेतल्या खोपटाशेजारी) आणायची. 31 जुलैला बंदी संपते. मग नारळी पौर्णिमेचा नारळ सोडला की पुन्हा खाली न्यायची. अंतर जेमतेम चार किलोमीटर, पण मध्ये जांभ्याची चढण आहे आणि शेवटी बंदरावरचा शेवाळलेला उतार.

ही सगळी माहिती लिहितोय त्याला कारण नोव्हेंबर 2021. जीपची पंधरा वर्षं 2006 मध्येच भरली होती, तेव्हापासून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आपल्या भाषेत पासिंग. पहिली तीन पासिंगं सहज झाली. चौथ्या वेळी निरीक्षकांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, चॅसी नंबर घासून वाचला आणि मग मागे जाऊन गुडघ्यावर बसले. त्यांनी बॅटरी मारली. "हा हूक चॅसीला वेल्डिंग केलाय?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातल्या पान्याने मागच्या आडव्या मेंबरवर, म्हणजे चॅसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मागच्या आडव्या पोकळ पेटीवर, दोनदा ठोकलं. एका टोकाला टण्ण वाजलं. वेल्डिंगच्या बाजूला ओल्या लाकडावर ठोकावं तसा आवाज आला. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

मी एस.टी.च्या कार्यशाळेत 31 वर्षं मेकॅनिक होतो. तो आवाज मला कळतो. हूक दुसऱ्याने बसवला होता, पण बसवू दिला मी. त्या गंजलेल्या मेंबरवर होडी, ट्रेलर आणि कधीकधी ट्रेलरच्या मागे चालणारी माझी नातवंडं, एवढ्यांचा भरवसा टाकला होता. गाडी परत आणली, मेंबर बदलला, हूक नव्याने केला. तसा कसा करायचा ते पुढे सांगतो. जीप असो, अ‍ॅम्बेसेडर असो की पद्मिनी, मूळ गोष्ट एकच: हूक बोल्टनेच बसवायचा, आणि एका संध्याकाळी उतरवता येईल असाच.

वेल्डिंग का नको

वेल्डिंग मजबूत नसतं म्हणून नव्हे. चॅसीच्या पेटीवर बाहेरून वेल्डिंग केलं की आतला रंग जळतो. बाहेरून तुम्ही रेड ऑक्साइड मारता, वरून काळा रंग मारता, दिसायला छान दिसतं. आतला उघडा पडलेला लोखंडी पत्रा मात्र खारा वारा खात बसतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. आमच्याकडे समुद्रापासून दोन किलोमीटर आतसुद्धा खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत फुगतात. त्यात वेल्डिंगच्या कडेला लोखंडाचा पोत बदललेला असतो आणि प्रत्येक खड्ड्यात हुकाचा झटका तिथेच बसतो. तडा बहुतेक वेळा वेल्डिंगच्या शेजारी जातो, वेल्डिंगमध्ये नाही.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून हूक बनवायच्या आधी आरटीओत अर्ज देऊन लेखी विचारा. हूक कसा बसणार याचं हाताने काढलेलं चित्र, बोल्टची मापं, ओढायचं वजन, सगळं अर्जात घाला. कागदावर आलेलं उत्तर पुढच्या पासिंगला कामाला येतं, तोंडी आलेलं येत नाही. पुढचे लोखंडी गार्ड, म्हणजे बुलबार, हा वेगळाच विषय आहे. त्यांच्यावर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. ते अजून असतील तर आधी काढा.

पन्नाशी ओलांडलेली गाडी असेल तर आणखी जपायला हवं. जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपातच असलं पाहिजे. चॅसीला वेल्डिंगचा तुकडा दिसला की तिथेच प्रश्न उभा राहतो. आणि 'व्हीए' नंबर घेतलात तर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. होडी ओढणं यात बसत नाही. होडी ओढायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

हातोडीची चाचणी

माझा पुतण्या इंग्लंडात असतो, त्याच्याकडे जुनी मॉरिस मायनर आहे. तिकडे 40 वर्षांवरच्या गाडीला 2018 पासून वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे, मात्र मागच्या 30 वर्षांत गाडीत मोठा बदल केला असेल तर ती सवलत मिळत नाही. तो तरीही दरवर्षी तपासून घेतो. त्याच्याकडून मला एक नियम कळला आणि तो मी इथे लावून घेतला. तिकडचे तपासनीस भार घेणारा भाग जिथे बसवलाय त्या जागेपासून 30 सेंटीमीटरच्या आत गंज आहे का ते बघतात. हूकसुद्धा त्यात येतो. म्हणजे हुकाच्या प्रत्येक बोल्टभोवती एक-एक फुटाचं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा आणि तेवढी जागा शंभर टक्के चांगली हवी असं धरून चाला.

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. तारेच्या ब्रशने चिखल आणि जुना अंडरकोट (गंजू नये म्हणून खालून मारलेला थर) काढा. अंडरकोट जाड असेल तर संशय घ्या, कारण त्याखाली बरंच काही लपतं. मग पाव किलोची गोल तोंडाची हातोडी घ्या आणि चांगल्या जागेवर, समजा चॅसीच्या मध्यावर, दोन टोले द्या. तो आवाज कानात ठेवा. आता मागे मागे या. धातू जाड आहे तोवर टण्ण वाजेल, हातोडी उसळून परत येईल. पातळ झालं की आवाज बसतो आणि हातोडी उसळत नाही. तिथे जुना स्क्रूड्रायव्हर दाबा. माझ्या मेंबरमध्ये तो मुठीपर्यंत आत गेला. शेजारचा शाळकरी मुलगा खाली बघत होता, तो म्हणाला, "आबा, ह्यां आतून पोकळच आसा." आत भिजलेला लाल भुगा होता, चहाच्या चोथ्यासारखा, आणि त्यात वाळू. होडी उतरवताना मागचा भाग पाण्यात जायचा आणि पाणी बाहेर पडायची भोकं त्या वेल्डिंगच्या पट्टीनेच बंद केली होती.

पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) जिथे चॅसीला बसतात त्या शॅकलच्या, म्हणजे जोडाच्या, जागाही याच हातोडीने तपासा. हूक ओढतो मेंबरला, पण मागचं वजन येतं पाट्यांवर.

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. डिकीच्या तळाचा पत्रा म्हणजे ताकद नव्हे. नुसता पत्रा धरून हूक बसवला तर बोल्टच्या भोकाभोवती पत्रा आधी लाटेसारखा होतो, मग फाटतो. तिथे खालच्या पेटीच्या पट्ट्यांना धरायचं, आतून तळहाताएवढ्या जाड लोखंडी पाट्या द्यायच्या आणि भार पसरवायचा. खरं सांगायचं तर पद्मिनीने होडी ओढू नये असंच माझं मत आहे. साधारण नऊशे किलोची गाडी, लहान इंजिन. सायकली अडकवायला हूक लावा, त्यापुढे जाऊ नका.

बोल्ट, गोळा आणि वजन

माझ्या जीपच्या मागच्या मेंबरला हुकासाठी कंपनीची भोकं होती, वेल्डिंग करणाऱ्याने ती वापरलीच नव्हती. तुमच्याकडे अशी भोकं असतील तर नवीन पाडू नका. पेटीच्या आरपार बोल्ट जात असेल तर आत पाइपचा तुकडा घालाच, बोल्ट जेमतेम जाईल एवढ्या भोकाचा आणि पेटीच्या आतल्या रुंदीएवढा. तो नसेल तर बोल्ट आवळताना पेटी दबते, आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याने सैल होतो, आणि तुम्हाला वाटतं नट फिरला.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं हवं, ती त्याच्या ताकदीची खूण. किनाऱ्यावर सगळ्यांना स्टेनलेसचा मोह होतो, गंजत नाही म्हणून. पण बाजारात मिळणारा ए2-70 स्टेनलेस बोल्ट 8.8 पेक्षा लवकर ताणला जातो, आणि खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या शेजारचं साधं लोखंड जास्त वेगाने गंजतं. म्हणजे बोल्ट चकचकीत आणि भोक मोठं. गरम जस्तात बुडवलेले 8.8 घ्या, नायलॉनचा नट लावा, मोठा वायसर द्या. 12 मिमीचा बोल्ट साधारण 80 न्यूटन मीटर, 16 चा साधारण 200. टॉर्क पाना भाड्याने आणा, हाताच्या अंदाजाने नको. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

हुकाचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो, तो 50 मिमीचा, त्याच मापाचा कप ट्रेलरच्या दांडीला. व्हर्नियरने मोजा: झिजून 49 ला आला की बदलायचा. गोळा तेवढा झिजला की कप खड्ड्यात वर उचलला जातो. दांडीला साखळी हवीच, आणि तिच्या दोन्ही बाजू दांडीखालून फुली मारून जीपला अडकवा. हूक सुटलाच तर दांडी त्या फुलीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

वजन अंदाजाने धरू नका. मी ट्रेलर होडी-इंजिनासकट वजनकाट्यावर नेला: 480 किलो. युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जास्त किंवा 750 किलोच्या वर चालत नाही. हा आकडा मी घाटासाठी वरची मर्यादा म्हणून पाळतो, कारण माझ्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि उतारावर ते तापले की पेडल लाकडासारखं होतं. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

एकूण वजनापेक्षाही लोक विसरतात ते दांडीच्या टोकाचं वजन. ते एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के हवं. कमी असेल तर ट्रेलर मागून गाडी हलवतो, शेपटीसारखा डोलतो. जास्त असेल तर जीपचं नाक उचललं जातं. मोजायला महागडं काही लागत नाही. मासळीच्या लिलावात वापरतात तो टांगता काटा घ्या, ट्रेलर सपाट जमिनीवर ठेवा, काटा दांडीच्या टोकाला अडकवून हुकाच्या उंचीपर्यंत उचला. माझा पहिल्यांदा 14 किलो आला. होडी दांडीकडे वीतभर सरकवली, 36 वर आणला. त्या दिवसापासून ट्रेलर रेषेत चालतो.

वायरिंग

पासिंगला हूक पास झाला तरी दिव्यांवर अडकतं. सात पिनांच्या प्लगचा क्रम पाठ करा: 1 पिवळी, डावा इंडिकेटर. 2 निळी, मागचा फॉग. 3 पांढरी, अर्थ. 4 हिरवी, उजवा इंडिकेटर. 5 तपकिरी, उजवा टेल. 6 लाल, ब्रेक. 7 काळी, डावा टेल. जुन्या ट्रेलरच्या तारांचे रंग कोणी बदललेले असू शकतात, म्हणून बल्ब लावून प्रत्येक पिन तपासा.

अर्थची पांढरी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. गोळ्यातून अर्थ मिळतो असं समजू नका, तिथे ग्रीस असतं. अर्थ बिघडल्याची खूण सांगतो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळतो, टेल विझल्यासारखा होतो. बल्ब बदलत बसू नका, पांढरी तार बघा.

दुसरी अडचण फ्लॅशरची. जुन्या गाडीचा गरम पट्टीवर चालणारा फ्लॅशर ठरावीक वॅटसाठी असतो. ट्रेलरचा 21 वॅटचा बल्ब वाढला की त्याची गती बिघडते. जास्त वॅटचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, आणि ट्रेलरच्या दिव्यांना रिले देऊन फ्यूजसकट वेगळा करंट घ्या. पस्तीस वर्षांच्या स्विचमधून दुप्पट करंट नेऊ नका, स्टिअरिंगखाली जळका वास येतो.

मागच्या नंबर प्लेटवरचा पांढरा दिवा चालू हवा आणि नंबर 15 मीटरवरून वाचता यायला हवा. रात्री वीस पावलं मागे जाऊन स्वतः वाचून बघा. गोळा प्लेटच्या एखाद्या अक्षराआड येत असेल तर ओढायचं नसताना तो काढून ठेवा. ट्रेलर लावला की जीपचा नंबर ट्रेलरच्या मागे लिहिलेला हवा. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते, आणि तो नंबर त्याच्या बाजूला लिहायचा, हे कलम 61 मध्ये आहे. विमा कंपनीलाही ट्रेलर कळवा, पॉलिसीत त्याची नोंद करून घ्या. शेजाऱ्याची होडी मदत म्हणून ओढली तर ठीक. भाडं घेऊन ओढलीत तर ती खाजगी गाडी राहत नाही.

खारं पाणी

होडी उतरवल्यावर गोड्या पाण्याने मागचा मेंबर, हूक, पाटे, ट्रेलरची चाकं धुवा, त्याच दिवशी. मेंबरची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. आणि एक गोष्ट उतारावर पोचल्या पोचल्या: ट्रेलरचे हब (चाकांचे मधले तुंबे, ज्यात बेअरिंग असतं) हाताला गरम लागत असतील तर अर्धा तास थांबा. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या मोसमात बेअरिंग रडायला लागतं. बंदरावर घाई असते, मागे दोघे-तिघे उभे असतात, तरी थांबा.

पासिंगला जाताना

मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरता येतो, त्याआधी नाही. उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला 500 रुपये वाढतात. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी 10,000 रुपये आहे, आधी 5,000 होती. पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी (जास्त सुरक्षेची नंबर) प्लेट हवी. पीयूसी आणि विमा चालू हवा. डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते असं आमच्याकडे अजून लोक मला घाबरून विचारतात. तो दिल्ली आणि आसपासच्या भागाचा नियम आहे, इथला नाही.

माझी मुदत या नोव्हेंबरात आहे. सप्टेंबरात जीप घोड्यांवर घेणार, हुकाचे चार बोल्ट काढणार, पूर्ण हूक उतरवून मेंबर उघडा करणार, पुन्हा हातोडीने वाजवून बघणार आणि आत मेण फवारणार. आरटीओचं लेखी उत्तर आणि हुकाचं चित्र आरसी बुकाच्या पिशवीत आहे. हूक परत बसवूनच आरटीओच्या मैदानावर नेणार आहे, लपवून नाही. मागच्या वेळी ज्यांनी पान्याने ठोकलं ते निरीक्षक असले तर त्यांना पुन्हा ठोकायला सांगणार आहे.